सगळ्यांचा डीजे चालतो, माझा ॲम्प तेवढा चालत नाही

गाणं माझं आहे. शब्द माझे, चाल माझी, गिटार मी वाजवलीय, बास पण मीच. मुख्य म्हणजे गळा राहिलाय, म्हणजे गायचं. गाणं पावणेचार मिनिटांचं, म्हणजे मला परभणीत सलग पावणेचार मिनिटं शांतता पाहिजे. जास्त नाही मागत. पण ती सकाळी मिळत नाही, दुपारी मिळत नाही, रात्रीचं तर विचारूच नका. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणून छाती फुगवायची, अन् चार मिनिटं गप्प बसेल अशी एक गल्ली गावात नाही.

बरं, नुसत्या गोंगाटाचं मला काही वाटत नाही. जन्म इथंच गेलाय. टाळकं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. इथं सगळ्यांचा आवाज चालतो. बोअरच्या गाडीचा चालतो, सप्ताहाच्या कर्ण्याचा चालतो, भंगारवाल्याच्या भोंग्याचा चालतो, रात्री साडेबाराला वरातीतला डीजे तर लोक डोक्यावर घेऊन नाचतात. माझा पंधरा वॅटचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, सुरू झाला की मात्र लगेच गल्लीला त्रास व्हायला लागतो.

तर माझा स्टुडिओ. माडीवरची खोली, वर पत्रे. दोरीवर दोन गोधड्या टाकल्यात, भिंतीला कापसाची गादी उभी केलीय, मधल्या बोळकांडीत माईक. कंडेन्सर माईक आहे. त्याला वायरीतूनच ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, दिला की तो इतका तिखट कानाचा होतो की खालची कुकरची शिट्टी, पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं, माझ्याच खुर्चीची कुरकुर, सगळं टिपतो. त्यामुळं कूलर बंद, पंखा बंद. मे महिन्यात आमच्याकडं ४२-४३ अंशाची बातमी सुद्धा होत नाही, अन् त्या पत्र्याखाली गादी-गोधडीच्या मधी उभा राहून मी रॉक गातोय. घाम कोपरावरून गिटारवर टपकतो, तारा बघता बघता गंजतात. लॅपटॉपला माझ्याआधी चक्कर येते. त्याचा पंखा असा घरघरायला लागतो की कूलर परवडला. संध्याकाळी जरा गार झालं म्हणून बसावं तर पत्रे आकसायला लागतात. तड्. मग थोडा वेळ काहीच नाही. तड्. दर वेळी गाण्यातल्या नेमक्या शांत जागेवर. निदान ठेक्यात तरी वाजावं की नाही!

आता लाईटचं ऐका, खरा जीव इथं जातो. माझ्या गिटारला तारांखाली सिंगल कॉइल पिकअप आहेत, म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली एकेरी वेटोळी. ते जसे तारांची हालचाल पकडतात तशीच आसपासच्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची गुणगुण पण पकडतात. ती ५० वर थांबत नाही. १००, १५० अशी वर चढत जाते. काढायला गेलं तर फिल्टर तिच्यासोबत गाण्याचा भरणा पण घेऊन जातो, कारण बास गिटारची मोकळी ए तार वाजते ५५ हर्ट्झला, म्हणजे अगदी खेटून. तारेला हात लावला की गुणगुण कमी, हात काढला की पुन्हा सुरू. अन् गिटार हातात असताना ओठ माईकच्या जाळीला लागला तर असा चटका बसतो की वरचा सा आपोआप लागतो.

वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्टर लावला, दोन-तीन बोर्ड उघडून बघितले, मग अंगणाच्या कोपऱ्यातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी गेला अन् चपलेच्या टोकानं माती उकरली. कोरडी ठक्क. काळ्या मातीला बोटभर भेगा. म्हणला, "दादा, खाली मीठ-कोळसा घातलेलाय, पण ह्याला पाणी लागतंय. उन्हाळाभर रोज बादलीभर ओतत जा."

रोज बादलीभर! नळ कधी येणार हे नळाला माहीत नाही. आमची आई भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालते, भांड्यांचं पाणी न्हाणीत घालते, अन् मी गिटारपायी अख्खी बादली जमिनीत जिरवू? तिला हे अजून सांगितलेलंच नाही. सांगायची छाती नाही. म्हणजे बघा, पाऊस नाही म्हणून जमीन वाळलेली, जमीन वाळली म्हणून अर्थिंग मेलेलं, अर्थिंग मेलं म्हणून गिटार गुणगुणतीय. मराठवाड्याचा दुष्काळ माझ्या ट्रॅकवर थेट रेकॉर्ड होतो अन् पुण्यातला मित्र फोनवर म्हणतो, "चांगल्या कंपनीची केबल घे ना." घे ना!

लाईट गेली की इन्व्हर्टर. घरातला स्वस्तातला, स्क्वेअर वेव्हवाला. पंख्याला, बल्बला चालून जातो. ॲम्प त्याच्यावर लावला की खोलीत मोहोळ उठल्यासारखं होतं. तो विषय इथंच सोडतो.

गाणं कशावर आहे तेही सांगतो, म्हणजे राग कळेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, त्या उन्हाळ्यावर आहे. धृवपद आहे, 'रुळावरून नदी आली, बादली घेऊन पळा'. या एका ओळीपायी मी किती वह्या खराब केल्या ते मला माहीत. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं सरळ लिहायला गेलं की प्रत्येक ओळ 'आहे'वर नाहीतर 'होते'वर जाऊन बसते. अन् 'आहे' जोरात ओरडून म्हणून बघा एकदा. हवाच निघून जाते. 'पळा' कसं, तोंड उघडून ताणता येतं, खाली ड्रम कोसळू द्यायचे. हे कुणाला सांगायला गेलं की समोरचा म्हणतो, "ते ठीकंय, पण प्रेमावर काही नाही का?"

अन् नशीब असं की गाणं रेल्वेचं अन् टेक, म्हणजे सलग रेकॉर्ड केलेलं गाणं, खराब करते ती पण रेल्वेच. परभणी जंक्शन आहे. मनमाडकडं जाणारी, नांदेडकडं जाणारी, परळीला वळणारी, कुठली ना कुठली गाडी हॉर्न मारतेच. दोस्त म्हणतो राहू दे, इफेक्ट वाटतोय. अरे बाबा, गाणं ई मायनरमध्ये आहे, त्या हॉर्नचा सूर कुठल्याच पट्टीत बसत नाही!

आता शेजार. बाजूचे काका भले माणूस, अडीअडचणीला धावून येणारे. पण मी ॲम्प लावला की जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज ठरलेला. "काय करायलास रे? आमच्या म्हातारीचं बीपी वाढायलंय." काका, मागच्या महिन्यात तुमच्या पुतण्याच्या लग्नात डीजेची भिंत आपल्याच दारात उभी होती. आमच्या कपाटाची काच थडथडत होती, छातीत बास घुसत होता, कबुतरं दोन दिवस परत आली नाहीत. तेव्हा आजी खुर्ची टाकून ओट्यावर बसल्या होत्या अन् टाळ्या वाजवत होत्या. मी स्वतः बघितलंय. त्यांचं बीपी तेव्हा काय गावाला गेलं होतं?

नियम मला पाठ आहेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. सणावाराला बारापर्यंत सूट देता येते, ती पण वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस. मान्य, माझा ॲम्प पण ५५ च्या वर जात असेल. पण मी तो दुपारी लावतो, अर्धा-पाऊण तास लावतो, ॲम्पच्या तोंडावर गादी ठेवून लावतो. हे सगळं काकांना सांगितलं तर म्हणतात, "आरं, लग्नाचं वेगळं असतंय." वेगळं म्हणजे काय? चार लोकांनी मिळून केला की तो आनंद अन् एकट्यानं केला की कल्ला?

लोक म्हणतात, सीझन बघून कर ना. कुठला सीझन? लग्नं मे-जूनपर्यंत हटत नाहीत. मग पावसाळा. पाऊस आला की पत्र्यावर असं ताडताड वाजतं की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. अन् पाऊस पडू नये असं परभणीत राहून म्हणायची कुणाची हिंमत आहे? मी पण नाही म्हणत. मी पण बाहेर येऊन भिजतो. पुढं गणपती, देवी, फटाके. थंडीत गावोगाव सप्ताह, अन् मधी निवडणूक लागली तर प्रचाराच्या रिक्षा. फेब्रुवारी-मार्चात गल्लीतल्या कुणाची ना कुणाची दहावी-बारावी, तेव्हा मी नुसती गिटार सुरात लावली तरी "लेकराच्या वर्षाचा प्रश्न आहे." उरल्या जानेवारीतल्या रात्री. आमची थंडी पेपरात छापून येते, कृषी विद्यापीठातल्या नोंदीसकट. त्या थंडीत रात्री दोनला पत्र्याखाली बारे कॉर्ड, म्हणजे एका बोटानं सगळ्या तारा दाबून, धरून दाखवा मला.

शेवटी वैतागून पैसे देऊन स्टुडिओत गेलो. नाव सांगत नाही, बिचाऱ्याचं पोट आहे. तिथं देवीची गाणी, जयंतीची गाणी, प्रचारगीतं होतात. ताशी पैसे. मी गिटार जोडली, रिफ, म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणारा तुकडा, वाजवला. रेकॉर्डिंगवाल्यानं कानाचा हेडफोन काढला, काळजीनं माझ्याकडं बघितलं अन् म्हणला, "दादा, आवाज फाटायलाय."

फाटायलाच पाहिजे रे बाबा! त्यासाठीच तर पेडल विकत घेतलंय!

त्यानं पाच मिनिटं वायरी बदलून बघितल्या. मग माझ्या नकळत ते डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं मुद्दाम फाटणं, कमी केलं, गळ्यावर देवळाच्या गाभाऱ्याएवढा इको टाकला, खाली कीबोर्डमधला ढोलकीचा पॅच लावला अन् खूश होऊन म्हणला, "आता कसं भरल्यागत वाटतंय." माझ्या पाण्याच्या रेल्वेचा पार जागरण-गोंधळ झाला. मला गोंधळाचं वावडं नाही हो. हलगी तर मला गाण्यात पाहिजेच होती. एका पोराला बोलावून घेतली पण. त्यानं माडीवर काड्या पेटवून चामडं शेकलं, पहिली थाप मारली अन् रेकॉर्डिंगचा मीटर लाल, आवाज मर्यादेच्या बाहेर. तो आवाज मला त्या गाण्यातला सगळ्यात प्यारा आहे. पण लग्नसराई लागली, त्याला सुपाऱ्या आल्या, दुसऱ्या कडव्याची हलगी राहिली ती राहिलीच. बाकीचे ड्रम मी माउसनं एक एक ठोका टिपून बसवलेत.

सल्ले देणाऱ्यांना तर वेगळी रांग करावी लागेल. "अभंग घे अन् गिटार लाव, लोक उचलून धरतात." अरे, इथून गंगाखेड जवळ, नर्सी जवळ, पैठण काही लांब नाही. जनाबाईच्या, नामदेवाच्या शब्दांना माझ्या डिस्टॉर्शनची गरज नाही. त्यांचं सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं माप त्यांच्या टाळावर बरं चाललंय. त्यांचे शब्द घेतले की निम्मं काम फुकटात होतं म्हणून सगळे तिकडं पळतात, अन् वरून त्याला फ्युजन म्हणायचं. मला माझ्या काळातल्या टँकरवर लिहायचंय. वाईट लिहीन, पण माझं लिहीन.

आता कच्चं मिक्स पाव्हण्यांना ऐकवलं तेव्हाचा संवाद, जसाच्या तसा.

"कुणाचं गाणं आहे हे?"

"माझं."

"हां, गायलास तू. पण ओरिजिनल कुणाचं?"

"माझंच. मी लिहिलंय."

"ते कळलं रे. पण चाल कुठल्या पिक्चरची?"

यावर माणसानं काय बोलावं? अन् ऐकलं कशावर? मोबाईलच्या स्पीकरवर, तो पण टेबलावर पालथा ठेवून. त्यातून २०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच बाहेर येत नाही. म्हणजे ज्या ५०-५५ च्या भांडणात माझ्या झोपा गेल्या, ती बास त्यांना ऐकूच आली नाही. गुणगुण पण नाही. फुकट गेली मेहनत म्हणा. पण मला ऐकू येते ना ती! हेडफोन घातला की सगळं दिसतं.

एक जुनं गाणं ऑनलाईन टाकलं होतं, तर यंत्रानं कळवलं की यातला ड्रमचा तुकडा दुसऱ्याच्या मालकीचा आहे. तो फुकटात वाटलेला लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तयार ठेका, जगात कुणीही वापरावा असा, अन् कुणीतरी तोच आधी स्वतःच्या नावावर चढवलेला. पैशाचं तर बोलूच नका. एका बड्या स्ट्रीमिंग ॲपनं २०२४ पासून ठरवलंय की वर्षात हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचा एक पैसा नाही. हजार! माझे सगळे नातेवाईक पकडून बसवले तरी होत नाहीत, अन् ते बसले तरी ओरिजिनल कुणाचं ते विचारणार.

अन् काल कळस झाला. काका पुन्हा वर आले. मला वाटलं बीपी. तर हसून म्हणतात, "पुढच्या महिन्यात आमच्या धाकट्याची हळद आहे. डीजेवाल्याला सांगून ठेवतो, तू पण दोन-चार गाणी वाजव गिटारीवर. घरचा माणूस आहेस. पण तुझं ते आरडाओरडीचं नको बरं का, ओळखीचं घे."

वाजवतो म्हणलं काका. का नाही वाजवणार? पंधरा वॅटवर नाही, तुमच्याच डीजेच्या भिंतीत वायर खुपसून वाजवतो. अन् पहिलं गाणं रेल्वेचंच. बघू तरी त्या दिवशी कुणाचं बीपी वाढतंय.