‘दोन रिंगांचे साडेसातशे’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब. आपण दोन तारे देऊन लिहिलंय ते असं: मॉडेल रेल्वेच्या इंजिनाची चाकं चढावर घसरू नयेत म्हणून त्यांवर चढवायच्या रबराच्या दोन रिंगांचे साडेसातशे घेतले, उद्यमनगरात ओ-रिंग पाच रुपयाला मिळते, चार चाकांना रबर घाला म्हटलं तर दोनच चाकांना घातलं, चाकं न काढताच काम उरकलं, आणि आता इंजिन चढ चढतं, पण सांध्यावर, म्हणजे एका रुळाला दुसरा फाटा फुटतो तिथं, बंद पडतं. इथं इतरही गिऱ्हाईक वाचतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी चार चाकांचं, कारण सगळा घोळ तिथंच आहे. आपलं इंजिन १:८७ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, चाकांच्या तीन जोड्यांचं टँक इंजिन. मागं टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा जोडडबा, नाही. म्हणजे रुळावरून वीज घ्यायला एकूण सहाच चाकं, एका बाजूला तीन. रबरातून वीज जात नाही. मागच्या जोडीला रबर घातलं की वीज घेणारी चार चाकं उरतात, प्रत्येक रुळावर दोन. चार चाकांना घातलं असतं तर प्रत्येक रुळावर एकच चाक उरलं असतं. मग रुळावर धुळीचा कण आला तरी गाडी उभी.

आपण मोबाईलवर जो व्हिडिओ दाखवलात, त्यात चार चाकांना रबर आहे हे खरंच. पण ते इंजिन मार्कलिन या जर्मन कंपनीच्या तीन-रूळ पद्धतीचं आहे. तिथं इंजिनाच्या पोटाखालची पट्टी रुळांच्या मधल्या खुंट्यांवरून घासत वीज घेते आणि दोन्ही रूळ मिळून परतीची वाट असतात. चार चाकांना रबर घातलं तरी उरलेल्या एखाद्या चाकावर त्यांचं भागतं. आपली मांडणी दोन रुळांची, १२ व्होल्ट डीसीची. एक रूळ जाण्याचा, दुसरा येण्याचा. कुठल्याही एका बाजूचा स्पर्श सुटला की काम थांबलं.

सांध्यावर थांबण्याचं कारणही हेच. आपल्या सांध्यात जिथं दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा प्लॅस्टिकचा आहे, तिथं वीजच नाही. हळू चालवलं की एक चाक त्या प्लॅस्टिकवर येतं, दुसरं जरा मळलेलं असलं तर मोटर थांबते. इंजिन परत देताना आमच्या रुळावर, आमच्या सांध्यावरून चालवून दाखवलं होतं. आमच्या सांध्याचा तो तुकडा धातूचा आहे आणि त्याला वायर जोडलेली आहे.

आता ओ-रिंग. तिचा छेद गोल असतो, चाकावरची खाच चपटी. ओ-रिंग बसते खरी, पण केसभर वर राहते. तेवढ्यानं मागची जोडी उचलली जाते, शेजारची चाकं रुळाला टेकत नाहीत आणि इंजिन लंगड्या घोड्यासारखं चालतं. योग्य मापाचं चपटं रबर बाहेरून मागवावं लागतं. वेळ त्यालाच लागला.

साडेसातशेतली बहुतेक मजुरी साफसफाईची. कुणीतरी आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून फेविक्विकनं चिकटवलेली होती. फेविक्विक ॲसिटोननं सुटतं, पण आपल्या चाकाच्या आऱ्या प्लॅस्टिकच्या आहेत, ॲसिटोननं त्या विरघळल्या असत्या. म्हणून लाकडी काडीनं खाच खरवडली, मग अल्कोहोलनं पुसली. जुनं रबर फुगलं होतं ते तेलामुळं. शिलाई मशीनचं तेल चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांवर सढळ हातानं सोडलं की ते चाकावर उतरतं. दांड्याच्या सांध्याला सुईच्या टोकावर राहील इतकंच तेल पुरे. रक्कम काम घेतानाच पावतीवर लिहून दिली होती.

चाकं काढली नाहीत, आणि काढणारही नाही. डाव्या-उजव्या चाकांवर दांडी ज्यांत अडकते त्या खिळ्यांमध्ये ९० अंशांचा फरक ठेवलेला असतो. चाक आसावरून ओढून काढलं आणि परत बसवताना थोडं जरी फिरलं, तर दांड्या अडकतात. रबरासाठी त्या बाजूचा खिळ्याचा स्क्रू काढून दांडी बाजूला केली की पुरतं. खऱ्या वाफेच्या इंजिनाला रबराची कटकट नाही म्हणा. चढावर चाक घसरलं की ड्रायव्हर रुळावर वाळू सोडतो. १६.५ मिलिमीटरच्या रुळावर वाळू टाकायचा प्रयोग मात्र कृपया करू नका, गिअरमध्ये जाते.

आपल्या मांडणीतला रुकडीच्या पुलाचा चढ इंजिन आता डबे घेऊन चढतंय, हे आपणच लिहिलंय. सांध्यासाठी एक उपाय आहे: इंजिनामागच्या पहिल्या डब्याला धातूची चाकं बसवून तिथून इंजिनाला बारीक वायर द्यायची. डबा कायम जोडलेला राहील, तेवढी तडजोड. हे वेगळं काम आहे, पैसे वेगळे पडतील, आधी सांगून करू. तोवर इंजिनाची सगळी धातूची चाकं अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसा आणि सांधा जरा वेगात पार करा. इंजिन घेऊन यायचं ठरवलंत तर डबा आणि तो सांधाही बरोबर आणा, ट्रान्सफॉर्मर आमच्याकडे आहे.