झाड व्हा, पैसे मागू नका

पर्यावरणावर कंटेम्पररी, म्हणजे शास्त्रीय चौकटीत न बसणारा आधुनिक नाच, करून जगायचं असेल तर आधी नोकरी सोडा. मग पीएफ काढून नाचायची मॅट घ्या, कंटेम्पररीत जमिनीवर लोळावं लागतं आणि साध्या फरशीवर गुडघे चाळिशीच्या आत जातात म्हणून. ही मॅट पीव्हीसीची असते. हो, प्लास्टिकच. तुमचा पहिला सोलो मेलेल्या नदीवर असेल तरी ती नदी प्लास्टिकवरच तडफडणार, कुणी विचारलंच तर "तो कॉन्ट्रास्ट आहे" म्हणायचं. मी दोनदा म्हटलंय, एकाने वहीत लिहून घेतलं.

मग मावशीला समजावून सांगा. ती म्हणणार, म्हणजे भरतनाट्यम का गं? तुम्ही अस्ताद देबूंचं नाव घ्या, कथक शिकले, कथकली शिकले, लंडनला जाऊन मार्था ग्रॅहम या अमेरिकन नर्तकीचं टेक्निक शिकले आणि या सगळ्यातून स्वतःचा नाच उभा केला, २००७ ला पद्मश्री मिळाली वगैरे सगळं सांगा. मावशी शांतपणे ऐकेल आणि विचारेल, टीव्हीवर कुठल्या शोला जज होते? इथे पाणी पिऊन यावं.

पाच जूनच्या, म्हणजे पर्यावरण दिनाच्या आठवड्यात मात्र तुम्हाला भाव असतो. शाळेतून फोन येतो, मॅडम साठ मुलं आहेत, दोन दिवसात झाडं बनवा. तुम्ही म्हणता की आपण श्वासापासून सुरुवात करू, मूळ कसं रुजतं ते शरीराला कळू दे. तिकडून विचारतात, गाणं कुठलं? मुलांना हिरवे सॅटिनचे झगे भाड्याने आणलेले असतात आणि मागे थर्माकोलचं वडाचं झाड. राज्यात २०१८ ला आलेल्या बंदीत सजावटीचा थर्माकोल पण होता हे चुकूनही बोलू नका, पुढच्या वर्षी झुंबावाल्याला बोलावतील.

पुण्यात राहत असाल तर अजून एक सोय आहे. एप्रिल २०२३ मध्ये नदीकाठ प्रकल्पात झाडं जाणार म्हणून लोक चिपको करायला उतरले होते. बाकीच्यांसाठी झाडाला मिठी मारणं म्हणजे आंदोलन, आपला तो रोजचा रियाज. तिथे पैसे मागायचा प्रश्नच नाही, मागूही नयेत. पैसे देणारा फोन वेगळ्याच माणसाचा येतो, टेकडीला खेटून बिल्डिंग बांधतोय आणि लाँचला त्याला "निसर्गाशी एकरूप" असं काहीतरी दहा मिनिटांचं हवंय. अशा वेळी आधी तत्त्व आठवावं, मग घरभाडं. क्रम महत्त्वाचा आहे, उलटं केलं तर रात्री झोप लागत नाही. (सरळ केलं तरी नाही लागत, पण निदान कारण चांगलं असतं.)

मानधनाचं म्हणाल तर ते "प्रोसेसमध्ये" असतं. दिवाळीपर्यंत वाट बघा, आलं तर टीडीएस कापून येईल. तोवर स्टेजवर सत्कार म्हणून रोप देतात, पर्यावरणवाली आहे ना ही, पाकीट कशाला. माझ्या बाल्कनीत अशा सतरा कुंड्या झाल्यात, त्यात अकरा तुळशी. पाणी घातलं की खालच्या काकांच्या गाडीवर ठिबकतं. त्यांची मुलगी माझ्याकडेच शिकते आणि तिची दोन महिन्यांची फी राहिलीय, त्यामुळे जिन्यात समोरासमोर आलो की आम्ही दोघं नुसतेच हसतो.