"आमचं मृत्युपत्र झालंय" म्हणजे नेमकं कोणाचं?

गेल्या महिन्यात मी मृत्युपत्र केलं. घरात सांगितल्यावर आईने घाबरून विचारलं, "कसले रिपोर्ट आलेत का गं तुझे?" नवरा म्हणाला, "अगं, पण आपलं झालंय ना करून!" आईची काळजी मी समजू शकते. ही पोस्ट नवऱ्याच्या वाक्यावर आहे. कारण "आपलं" म्हणजे त्याचं. माझं कधी झालंच नव्हतं, आणि मीही वीस वर्षं नोकरी करून ते तसंच धरून चालले होते.

ओळखीतल्या बायकांना विचारून बघा. अर्धा फ्लॅट नावावर, पीएफ, एफडी, म्युच्युअल फंड, लॉकरमधलं सोनं. मृत्युपत्र? "ह्यांनी केलंय."

आता १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा काय म्हणतो ते बघा. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी आणि मुलांबरोबर त्याची आई वारसांच्या पहिल्या वर्गात, समान वाट्याची. बाई गेली तर? आधी मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे आईवडील त्यानंतर! म्हणजे मूल नसलेल्या विधवेने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर तिच्या आईच्या आधी सासूकडे जातं. सासू-सासरे नसतील तर दीर-नणंदांकडे. आईवडिलांकडून वारसाने आलेलं तेवढं, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परततं. स्वतः कमावलेल्याला ही सवलत नाही.

२००९ सालचा सर्वोच्च न्यायालयातला एक निकाल वाचल्यावर मला झोप लागली नव्हती. १९५५मध्ये लग्न झालेली मुलगी. तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी लागली, आयुष्यभर स्वतःच्या पायावर उभी राहिली. १९९६मध्ये गेली, मृत्युपत्र न करता. तिची सगळी कमाई कोणाला मिळाली? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. कायद्याची भाषा स्पष्ट आहे, सहानुभूतीने ती बदलता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. राग न्यायाधीशांवर काढून उपयोग नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केलेला एक कागद असता तर हे झालं नसतं.

(मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशाहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, ख्रिश्चनांचे नियम आणखी वेगळे. तो विषय इथे घेत नाही.)

"नॉमिनी लावलाय की!" हे दुसरं ठरलेलं उत्तर. नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण त्याने तो मालक होत नाही. विम्याबाबत हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये सांगितलं, शेअर्सबाबत डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा सांगितलं. विम्यात २०१५च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर गोष्ट वेगळी. बाकी ठिकाणी नॉमिनी एक आणि वारस दुसरेच असले, की भाऊबंदकीला तेवढं पुरतं.

आणि मृत्युपत्र करणं इतकं सोपं आहे की लाज वाटावी. स्टँप पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. मी केली, कारण उद्या कोणी "ही सही तिची नव्हेच" म्हणू नये. माझ्या पहिल्या मसुद्यात दोन्ही साक्षीदार माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते! साक्षीदाराला उद्या कोर्टात उभं राहावं लागू शकतं, तेव्हा तो आपल्यामागे असायला हवा ना? बदलले. मन बदललं तर मृत्युपत्रही हवं तितक्यांदा बदलता येतं.

ट्रस्टबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. दोन कमावती मुलं आणि एक फ्लॅट असलेल्या घराला ट्रस्ट विकणारे सल्लागार मला भेटलेत. गरज नसते. पण माझ्या मैत्रिणीचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, बौद्धिकदृष्ट्या अक्षम आहे. तिने घर त्याच्या नावे करून ठेवलं तर ते तो सांभाळणार कसं? मैत्रिणीचा भाऊ म्हणतो, "मी बघेन." भाऊ चांगला आहे, पण तोही साठीचा आहे. तिथे ट्रस्टच हवा: मालमत्ता विश्वस्तांच्या नावावर, लाभार्थी मुलगा, खर्च कशावर करायचा ते लिहिलेलं, एक विश्वस्त गेला तर पुढचा कोण तेही लिहिलेलं. १८८२च्या ट्रस्ट कायद्याने हे करता येतं, आणि तो ट्रस्ट मृत्युपत्रातूनच आपल्या पश्चात सुरू होईल अशी सोयही करता येते. तिला मी सहा महिने सांगतेय. "बघू गं, दिवाळीनंतर," म्हणते.

सासूबाई ह्या सगळ्यात गप्प होत्या. परवा दुपारी घरात कोणी नसताना माझ्यासमोर वही घेऊन बसल्या. पाटल्या, दोन एफडी, त्यांच्या नावावरचा जमिनीचा तुकडा, सगळं लिहून काढलेलं.

मी म्हटलं, "साक्षीदार म्हणून सही करू का?"

"तू नको," म्हणाल्या, "पाटल्या तुलाच लिहिल्यात."