यंदा खाली कोण?

आमच्या एमडी साहेबांना सेमिनारला पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेरून परतताना माणसं पेढे आणतात, चॉकलेटं आणतात. साहेब माणसांचं काम मोजायची नवी पद्धत आणतात.

चाकण एमआयडीसीत आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. मी डिस्पॅचला. माल वेळेवर गेटबाहेर काढणं हे माझं काम. ते मोजायला वॉचमन आणि त्याचं रजिस्टर एवढं पुरे, असा माझा भाबडा समज होता.

आधी केआरए आले, म्हणजे कुणी नेमकं काय करून दाखवायचं त्याची यादी. 'महिन्याचा प्लॅन महिन्याच्या आत डिस्पॅच' याला चाळीस टक्के वेटेज. डिस्पॅच म्हणजे काय, तर रजिस्टरात गाडी 'आउट'. मग काय! ३१ तारखेला रात्री पावणेबाराला अर्धी भरलेली गाडी गेटबाहेर काढायची, समोरच्या चहाच्या टपरीपाशी लावायची आणि सव्वाबाराला उरलेले क्रेट ट्रॉलीवरून तिथे ढकलत न्यायचे. ड्रायव्हर ताडपत्री उचलून धरतो, क्वालिटीचा इन्स्पेक्टर टपरीच्या बल्बखाली टॅगवर सह्या करतो, आणि वॉचमनला नेमकी त्याच वेळी तहान लागते. शंभर टक्के ऑन टाइम! मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप कामातून जातं, असा एक गुडहार्टचा नियम सांगतात. त्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने तो १९७५ साली ब्रिटनच्या चलनविषयक धोरणावर बोलताना मांडला. आमची टपरी पाहिली असती तर त्याला एवढं लांब जावं लागलं नसतं.

पुढे बॅलन्स्ड स्कोअरकार्ड आलं. कॅप्लन आणि नॉर्टन या जोडीने १९९२ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत मांडलेलं. नुसते पैशाचे आकडे म्हणजे होऊन गेलेल्याचा हिशेब. त्याच्या शेजारी ग्राहक, कंपनीच्या आतली कामं आणि शिकणं-सुधारणं असे आणखी तीन रकाने ठेवा, म्हणजे पुढचं दिसेल. कल्पना चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. साहेबांनीही चारही रकाने घेतले. फक्त पैशाच्या रकान्याला सत्तर टक्के दिले आणि बाकीच्यांना दहा-दहा. झालं बॅलन्स्ड. शिकण्याच्या रकान्यात माणशी ट्रेनिंगचे तास भरायचे होते. मार्च उजाडला तरी पाटी कोरी, म्हणून आग विझवण्याचं प्रात्यक्षिक पुन्हा पुन्हा घेतलं. आता आमच्याकडे आग लागायचीच काय ती बाकी आहे. विझवायला अख्खा प्लांट तयार बसलाय.

पण खरी मजा आली ती बेल कर्व्हची. जीई या अमेरिकी कंपनीत तिचे प्रमुख जॅक वेल्च यांनी गाजवलेला, माणसांची क्रमवारी लावायचा प्रकार: वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा, आणि खालच्यांना दरवाजा. मायक्रोसॉफ्टने असली क्रमवारी २०१३ च्या नोव्हेंबरात टाकून दिली. आमच्याकडे ती त्यानंतर आली. बहुधा तीच असावी.

डिस्पॅचला आम्ही पाच जण. पाचाचे दहा टक्के म्हणजे अर्धा माणूस. एचआरच्या मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "राउंड ऑफ करा ना सर." म्हणजे दर वर्षी एक जण खाली घालायचाच, मग पाचही जण घाम गाळून मेले तरी. तोडगा आमच्या पाचांतल्या काकांनी काढला. म्हणाले, "त्यात काय, भिशीसारखं करायचं." खाली जायची पाळी आळीपाळीने, आणि ज्याच्या घरी लग्नकार्य तो त्या वर्षी वर. खाली गेलेल्याची इन्क्रिमेंट बुडते, ती बाकीच्यांनी दिवाळीत वर्गणी काढून भरून द्यायची. खाली गेलेल्याला 'सुधारणा आराखडा' मिळतो, तो त्यावर सही करतो आणि पूर्वीइतकंच काम करत राहतो. पुढच्या वर्षी पाळी दुसऱ्याची, त्यामुळे हा आपोआप सुधारतो. मॅडमच्या प्रेझेंटेशनमध्ये आमच्या विभागावर एक अख्खी स्लाइड आहे: इथे खाली गेलेला प्रत्येक माणूस वर्षभरात वर येतो. टाळ्या पडतात.

यंदा ओकेआर आलेत, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह अँड की रिझल्ट्स: एक ध्येय आणि ते गाठलं का हे दाखवणारे आकडे. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी रुजवले, १९९९ मध्ये गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी गूगलमध्ये नेले. ध्येय इतकं उंच ठेवायचं की सत्तर टक्के गाठलं तरी पाठ थोपटायची, आणि ते पगाराशी थेट जोडायचं नाही, अशी त्यातली मूळ शिकवण. साहेबांना पहिलं पटलं नाही ("उरलेले तीस टक्के कस्टमरला कोण देणार, मी?") आणि दुसरं त्यांना ऐकू आलं नाही. तेव्हा ध्येय आकाशाएवढं, मार्क शंभरपैकी, आणि इन्क्रिमेंट त्यावरच. बेल कर्व्हही गेलेला नाही. तो आत आहेच, वरून ओकेआर घातलंय.

मी ऑब्जेक्टिव्ह लिहिलं: 'गाडी वेळेवर पोचावी.'

"सर, यात स्वप्न कुठाय?" मॅडम म्हणाल्या.

"संध्याकाळी सहाला चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये या मॅडम, दिसेल."

गेल्या महिन्यात डिस्पॅचला एक एमबीए झालेला मुलगा आलाय. त्याने उद्दिष्टांचा तक्ता स्वतःहून केला, तोही रंगीत. चहाच्या सुट्टीत छाती काढून म्हणाला, "काका, यंदा मी टॉप रेटिंग काढणार म्हणजे काढणारच."

काकांनी खिशातली डायरी काढली, पानं उलटली.

"काढ की बाळा. घरी लग्नाची बहीण वगैरे आहे का, तेवढं सांग."