वसईच्या किल्ल्यात जाताय? एवढं सांभाळा

रविवारी वसईच्या किल्ल्यात जायचा बेत असेल तर उत्तम. फक्त तिथला इतिहास अंगाला लावून घेऊ नका, धुतल्याशिवाय निघत नाही. रिक्षा थेट आत नेऊन सोडते. तटबंदी कधी मागे पडली ते कळत नाही, आणि कळून करायचंय काय?

आधी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी गाठा. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मन लावून वाचा आणि शेजारच्याच भिंतीवर बदाम काढून त्यात आपलं आणि तिचं नाव कोरा. जुना चुना भुसभुशीत असतो, स्कूटरची किल्ली पुरते. पोर्तुगीज सरदारांनीही आपली नावं इथे कोरून घेतलीच होती. चर्चच्या जमिनीत त्यांच्या थडग्यांच्या शिळा अजून आहेत. पण त्यासाठी बिचाऱ्यांना आधी मरावं लागलं. तुमचं जिवंतपणी उरकतंय.

प्री-वेडिंग असेल तर सकाळी लवकर या, नाहीतर चांगल्या कमानीखाली आधीच दुसरी जोडपी ताटकळत असतात. छप्पर शिल्लक नाही, त्यामुळे उजेड फुकट. रंगीत धूर सोडा, घागऱ्याचा घेर पसरा. खाली शिळा असली तर घेराखाली झाकली जाते, फोटो स्वच्छ येतो.

आता इतिहासाचं. कुणी विचारलंच, तर साल एकच सांगायचं: १७३९, मराठ्यांनी किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला ते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई देऊन टाकली, मग दोनशे वर्षं हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं होतं, जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागाला लागलेला काळा दगड इथूनच गेला, या भानगडीत पडू नका. दोनशे वर्षं रीलमध्ये बसत नाहीत. गोन्सालो गार्सियाचं चर्च दिसलं तर नुसती मान डोलवा. माणूस जन्मला वसईत, १५९७ साली क्रुसावर मेला जपानात नागासाकीला, आणि १८६२ साली झाला संत. आता हा आपला की त्यांचा? आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ठरू द्या.

चिमाजीअप्पांच्या पुतळ्यापुढे मात्र घसा मोकळा करा. एवढी झुंज, इतकी माणसं पडलेली, आणि तरी किल्ला ताब्यात आल्यावर हरलेल्यांना बायकापोरं आणि चीजवस्तू घेऊन निघून जायला त्यांनी सवड दिली, हे काही आठवू नका. घोषणेचा सूर उतरतो. (माझ्या मते पुतळ्याखाली लिहावं तर तेवढंच लिहावं. पण माझ्या मताला कोण हार घालतो?)

आणि १८०२? होळकरांच्या धाकाने पुणं सोडून आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने वसईलाच इंग्रजांची तैनाती फौज मान्य करून तहावर सही केली. हे नातेवाइकांसमोर निघता कामा नये. एखादं चोंबडं पोर पुस्तकात वाचून आलेलं असतंच. त्याने विचारलंच की पेशवे इथे कशाला आले होते, तर तहाची तारीख कामाला येते: ३१ डिसेंबर. थर्टी फर्स्टला आले होते म्हणा.