काटा चढला की थांबायचं का रेटायचं?

दारव्हा-यवतमाळ रोडवर आमच्या गावचा फाटा. फाट्यावर पानठेला आणि ठेल्यासमोर सिमेंटचा ओटा. मे महिन्यात तो ओटा दिवसभर असा तापतो की संध्याकाळी बादलीभर पाणी मारल्याशिवाय टेकता येत नाही. परवा त्याच ओट्यावर आमचं रात्री साडेदहापर्यंत वाजलं. विषय, भाच्याची गाडी.

भाचा मामाकडे शिकायला आला आणि इथलाच झाला, म्हणून तो अख्ख्या गावाचा भाचा. मामाची जुनी मारुती आठशे, कार्बोरेटरवाली, आता त्याच्याकडे आहे. आजीला घेऊन परतवाड्याला मावशीकडे जायचं, तिथून चिखलदरा करायचं, असं त्यानं सांगितलं. निघणार कधी, तर जेवणं आटोपून अकरा वाजता.

"अकराले?" मास्तरांचा तंबाखू मळणारा हात थांबला. "अरे नेर सोडत नाही तोवर पारा 44 वर जाते. पहाटे चारले निघ. अमरावती उन्हाच्या आत मागं टाक."

"काही होत नाही मास्तर. इंजन तापून गरमीचा काटा वर गेला तं पाणी टाकू अन् पुढं जाऊ."

हे 'पाणी टाकू अन् पुढं जाऊ' ऐकलं आणि मला राहवलं नाही. पण माझ्या आधी आबाजी बोलले, आणि ते भाच्याच्या बाजूनं बोलले.

आबाजींनी वीस-बावीस वर्षं भाड्याची अँबेसिडर चालवली. लग्नसराईत वऱ्हाड घेऊन पुसद, उमरखेड, पार नांदेडपर्यंत. त्यांचं म्हणणं, गाडी रस्त्यात बंद पडतेच, घाबरणाऱ्यानं गाडीत बसूच नये. "एक डाव दुपारी अडीच वाजता भर उन्हात गाडी बंद. सेल्फ मारला तं इंजन फिरते, पण लागत नाही. नवरदेव मागं बसेल. म्या पानी मागितलं, फडकं ओलं केलं अन् पेट्रोलच्या पंपावर गुंडाळलं. थो पंप इंजनाले चिपकेल असते ना! पंधरा मिनिटं थांबलो, वरून पानी सोडत रायलो. दुसऱ्या सेल्फले गाडी चालू."

गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं मान डोलावली. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला असतो. इंजिन तापलं की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल ओढायला बसवलेला, वाफ त्याच्यानं ओढली जात नाही, आणि पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर कोरडा पडतो. ओलं फडकं लावलं की वाफेचं परत पेट्रोल होतं. आबाजींना हे कुणी शिकवलं नव्हतं, रस्त्यानं शिकवलं. पॉइंट, म्हणजे इंजिनाची ठिणगी जुळवणारे छोटे संपर्क, साफ करायला ते काडीपेटीची मसाल्याची बाजू वापरत आणि पॉइंटची फट त्याच काडीपेटीच्या पुठ्ठ्यानं मापत. टाकीला बारीक चीर गेली तर धुण्याचा साबण मळून चोळत, कारण पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. ही विद्या आता हळूहळू संपत चालली आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. अँबेसिडर आणि आठशे, दोन्ही 2014 सालीच बनायच्या बंद झाल्या. त्या उघडून बसवणारे हातही आता म्हातारे होत आहेत.

पण आबाजींचा तो किस्सा पेट्रोलचा होता, आणि भाचा बोलत होता तापण्याचं. हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात गाडी आपण होऊन बंद पडते, इंजिनाला काही इजा होत नाही, थंड झालं की पुढं निघता येतं. दुसऱ्यात गाडी चालत राहते, आणि खरा घात त्या चालत राहण्यातच आहे.

मी माझी गोष्ट सांगितली. कट्ट्यावर ती आधी कधी सांगितली नव्हती.

सहा वर्षांपूर्वी, हाच महिना, आठशेच होती. आई आणि मोठी आई मागं. परतवाड्यापर्यंत काटा मध्यावर होता. घाट सुरू झाला, गाडी दुसऱ्या गिअरवर आली, वेग वीस-पंचवीस, आणि काटा सरकायला लागला. चढावर इंजिनाला जोर जास्त लागतो आणि समोरून वारा कमी मिळतो. अशा वेळी सगळी भिस्त इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या पंख्यावर असते. आठशेत तो पंखा विजेवर चालतो, पाणी ठरावीक तापलं की एक स्विच त्याला चालू करतो. माझा तो स्विच मेला होता. पंख्याची घरघर बंद झाल्याचं मला कळलंही नाही. मी म्हटलं, आता वर जाऊनच बघू, तीन-चार किलोमीटर तर राहिले.

लाल रेषेपर्यंत गाडी नेली. मागून पांढरा धूर निघाला तेव्हा थांबलो. आणि थांबल्यावर दुसरी चूक केली, रेडिएटरचं झाकण उघडलं. एरवी पाणी 100 अंशांना उकळतं, पण झाकण बंद असताना आत दाब असतो, त्यामुळे ते त्याच्याही वर तापून पाणीच राहतं. झाकण फिरवलं, दाब सुटला आणि त्या सगळ्याची एकदम वाफ झाली. उजव्या मनगटावर अजून डाग आहे, भाच्याला दाखवला. नंतर ऑइलचं झाकण काढलं तर आतून पिवळट दुधाळ फेस, चहावर साय धरते तसा. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधली सांधा बंद ठेवणारी पट्टी, उडालं होतं, पाणी ऑइलमध्ये गेलं होतं. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं होतं, ते घासून सपाट करायला, फेसिंगला, पाठवावं लागलं. आई घाटातल्या एका दगडावर डोक्यावर पदर घेऊन तीन तास बसून होती. ती मला एक शब्द बोलली नाही. मला ते अजून लागतं.

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग भाचा म्हणाला, "मंग करायचं काय होतं मामा तुम्ही?"

"काटा मध्याच्या वर सरकला तेव्हाच बाजूला घ्यायला पाहिजे होती. जागा नसेल तर हीटर पूर्ण गरमवर आणि काचा खाली. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची गरमी आत आणतो. आपण भाजून निघू, पण इंजिन वाचतं. जागा मिळाली की बंद करायची, बोनेट उघडायचं आणि अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचं नाही. स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकीला जोडल्या असत्या तर पंखा सुरू झाला असता. हातभर वायर लागली असती."

मिस्त्री म्हणाला, "बराबर. पण रेडिएटर गळून रायलं असन तं हळद टाकायची. दोन चमचे. चिरीत जाऊन बसते."

इथं माझं आणि त्याचं पुन्हा जुंपलं. हळद बारीक गळती थांबवते, हे मलाही मान्य. पण ती फक्त चिरीत थोडीच बसते? रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते, आणि महिन्याभरानं गाडी आधीपेक्षा जास्त तापते. मिस्त्रीचं म्हणणं, रानात गाडी उभी असताना महिन्याभराचा विचार कोण करतो? घर गाठायचं आणि मग रेडिएटर खोलून धुवायचा. यावर आमचं पटलं नाही. आबाजी मिस्त्रीकडून होते, मास्तर माझ्याकडून.

भाच्यानं मोबाइल काढला. "एवढं कायले? हायवेले 1033 लावायचा, गाडी उचलून नेतील."

"1033 राष्ट्रीय महामार्गासाठी हाय," मास्तर म्हणाले. "अन् घाटात वळणावर रेंज गेली तं कोणाले लावशील?"

तो गप्प बसला. मग पेट्रोलचा विषय निघाला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या. मिस्त्री सांगत होता, नळी वरून धड दिसते, दाबली की बोटाला चिकट लागते. पेट्रोलची नळी तापल्या इंजिनावर फुटली तर तिथं रेटणं-थांबणं उरतच नाही, माणसांना आधी खाली उतरवावं लागतं. या एका मुद्द्यावर आबाजीसुद्धा काही बोलले नाहीत.

"गाडी कुठं हाय?" मिस्त्रीनं विचारलं.

गाडी ठेल्याच्या मागंच होती. आम्ही सगळे उठलो. भाच्यानं बोनेट वर केलं, मास्तरांनी मोबाइलचा उजेड धरला. मिस्त्रीनं पेट्रोलची नळी दोन बोटांत दाबून पाहिली आणि बोटांचा वास घेतला. मग त्यानं रेडिएटरच्या बाजूची पांढरी बाटली हलवली. तळाशी दोन बोटं पाणी होतं.

"हे कधी भरलं होतं?"

"मंगळवारी. पूर्ण भरलं होतं," भाचा म्हणाला. परवा शुक्रवार होता.

"गाडी किती चालली मंगळवारपासून?"

"दारव्ह्याले दोन डाव गेलो, बस."

मिस्त्रीनं खाली वाकून उजेड मागितला. इंजिनात पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खाली, सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर, वाळलेल्या पाण्याचा पांढरा ओघळ होता. त्यानं त्यावर नख ओढलं, भुकटी निघाली. "वॉटर पंपाची सील गेली. इथं हळदही चालत नाही," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं.

भाच्यानं बोनेट हळूच खाली टेकवलं. मग बाजूला जाऊन मावशीला फोन लावला. "उद्या नाही होत मावशी. सोमवारी येतो. हो, पहाटेच निघतो."