सुरत कुणी बुडवली?

जानेवारी आला की आमच्या बडोद्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच मेसेज उगवतो: ‘1664 च्या लुटीने सुरत बंदर कायमचं बसलं आणि व्यापारी मुंबईला पळाले.’ यंदा मामांनी टाकला, खाली तीन भगवे झेंडे. गंमत म्हणजे समोरचे गुजराती शेजारी हेच तक्रारीच्या सुरात ऐकवतात.

कायमचं बसलं? मग 1670 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज पुन्हा सुरतेवर गेले ते कशाला? रिकाम्या तिजोरीसाठी कुणी घोडी दमवत नाही. पहिली लूट जबर होती, वीरजी व्होरासारख्या सावकाराची हवेली धुऊन निघाली, शहराचा मुघल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला, हे सगळं खरं. पण औरंगजेबाने जकात माफ केली, शहराला विटांचा कोट घातला आणि व्यापार पुन्हा उभा राहिला. मक्केच्या वाटेवरून सुरतेला परतणारं बादशहाचं ‘गंज-ए-सवाई’ जहाज इंग्रज समुद्री चाचा एव्हरीने लुटलं ते 1695 मध्ये. त्याच फेरीत अब्दुल गफूरचंही एक जहाज गेलं. हा सुरती बोहरा 1718 मध्ये वारला, तेव्हा त्याच्याकडे डझनाहून जास्त जहाजं होती. मेलेल्या बंदरात?

मुंबईला पळण्याचं म्हणाल, तर इंग्रजांनी मुख्य ठाणं हलवलं 1687 मध्ये. लुटीची धास्ती त्यात नव्हती असं नाही, पण मुघलांच्या हाताबाहेरचं स्वतःचं बेट मिळालं होतं, हे मोठं कारण. जहाजं बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया गेले 1736 मध्ये. पळायला बहात्तर वर्षं लागतात होय?

आणि बंदर म्हणजे नुसता धक्का नव्हे. तापीत गाळ, म्हणून मोठी जहाजं समुद्रकाठच्या सुवाळीला नांगर टाकत. माल तिथून होड्यांनी, बैलगाड्यांनी शहरात. सुरतेला गेलात तर मुघलसराई बघा. 1644 ची वास्तू, हजला निघालेल्यांच्या मुक्कामासाठी बांधलेली. आज त्याच कमानींखाली महानगरपालिकेचे कारकून फायली चाळतात.

आता ग्रुपवर न रुचणारं. सुरतेच्या पडझडीत मराठ्यांचा हात आहेच, पण तो पन्नास-साठ वर्षं नंतरचा, आणि आपल्याच गायकवाडांचा. 1719 मध्ये पिलाजीराव गायकवाडांनी सुरतेच्या पूर्वेचा सोनगड किल्ला धरला. तिथून सुरत अठ्ठाविशीची, म्हणजे भोवतीच्या 28 परगण्यांची, चौथाई वसूल होऊ लागली. शहराच्या कारभाऱ्यांचा वसूल आटला, मग ते शेठ लोकांना पिळू लागले. त्यातच दिल्ली खिळखिळी, 1722 मध्ये इराणची सफवी गादी कोसळली, म्हणजे माल घेणारेही गेले. 1759 मध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला, 1800 मध्ये अख्खं शहर.

एवढं टाइप करून पाठवलं. तासाभराने मामांचं उत्तर आलं: ‘बरं. सुरतेला जाशील तेव्हा घारी आण.’